टोपलीचा भाव आणि चौथीचा भागाकार



डिसेंबर-जानेवारी आला की आपले शाळांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप बाजाराच्या फोटोंनी भरून जातात. कुठं बालबाजार, कुठं आनंदी बाजार, कुठं खाऊगल्ली. डोक्यावर टोपी घातलेला छोटा भाजीवाला, नऊवारी नेसलेली पहिलीतली भाजीवाली, सरपंचांच्या हस्ते फीत कापणं. उपक्रम छानच आहे. मुलं खूश असतात, गाव शाळेत येतं, गल्ल्यात पैसे पडलेले बघून एरवी गप्प बसणारं पोरही बोलायला लागतं.

पण मनापासून सांगा, बाजार उठल्यावर मुलाकडं काय उरतं? बऱ्याचदा असं होतं की आदल्या दिवशी पालक तालुक्याच्या गावाहून वेफर्सची पाकिटं, थंड पेयाच्या बाटल्या, पाणीपुरीच्या पुऱ्या आणतात. मूल पाच रुपयांचं पाकीट दहाला विकतं. घेणारेही शेजारपाजारचेच पालक. संध्याकाळी 'माझा धंदा ५०० चा झाला, तुझा किती?' एवढंच बोलणं. वस्तू केली कोणी, ती एवढ्याला का पडते, विकणाऱ्याच्या हातात शेवटी किती राहतं, हे प्रश्न मुलांच्या डोक्यात येतच नाहीत.

म्हणून आम्ही ठरवलं, की शाळेतला बाजार भरवायच्या आधी मुलांना खरा बाजार दाखवायचा. आमची शाळा सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या सीमेजवळ आहे. एका अंगाला कराड, दुसऱ्या अंगाला कडेगाव. शेजारच्या मोठ्या गावात आठवडी बाजार भरतो. त्या दिवशी आमची हजेरी नेहमी कमी असते. कोणी आईबरोबर मेथीच्या जुड्या बांधायला थांबतं, कोणी धाकट्या भावंडाला सांभाळायला. मग विचार केला, मुलं बाजारात जातातच, तर वर्गच एकदा तिकडं नेऊया.

जाण्याआधीची तयारी

नुसतं 'क्षेत्रभेट' म्हणून रांगेनं फिरवून आणलं असतं तर मुलांनी भेळ खाल्ली असती आणि परत आली असती. म्हणून चौथीच्या वर्गाचे पाच गट केले. प्रत्येक गटाला एकच विक्रेता दिला आणि अट घातली, की त्यानं विकायची वस्तू स्वतः किंवा घरच्यांनी केलेली पाहिजे. आणून विकणारा नको. एवढ्या एका अटीनं बाजाराकडं बघायची मुलांची नजर बदलली. 'मॅडम, ह्या झाडूवाल्या मावशी स्वतः करतात का?' असं विचारत मुलं फिरू लागली. चपला, कपडे, प्लॅस्टिकच्या बादल्या, चिनी खेळणी एकेक गळत गेली. शेवटी उरले ते असे: टोपल्या-सुपं विकणाऱ्या बुरूड काकी, माठ-सुगडं घेऊन बसलेले कुंभार आजोबा, भज्यांचा गाडा, भडंगवाले काका आणि घरच्या मिरच्या कांडून चटणी विकणाऱ्या दोन बहिणी.

प्रश्नही आधीच फळ्यावर ठरवून घेतले. कच्चा माल कुठून आणता? त्याला किती पैसे लागतात? एक वस्तू करायला किती वेळ लागतो? किती जणांचे हात लागतात? बाजारात बसायला काय खर्च येतो? माल उरला तर काय करता? आणि शेवटचा, मुलांनीच सुचवलेला प्रश्न: तुम्हाला हे कोणी शिकवलं?

एक गोष्ट पक्की ठरली होती. सकाळच्या गिऱ्हाइकीच्या वेळी कोणालाही त्रास द्यायचा नाही. आम्ही दुपारी दोनला गेलो. ऊन असतं, गर्दी कमी असते, विक्रेतेही डबा सोडून बसलेले असतात. तुम्ही नेणार असाल तर हीच वेळ धरा.

मापट्यानं मोजलेलं गणित

चिरमुरे, फुटाणे, भडंग अजूनही काही जण मापानं विकतात. भडंगवाल्या काकांच्या शेजारीच एक आजी पत्र्याचं माप घेऊन हरभरे विकत होत्या. मुलांना वाटलं डबा आहे. आजींनी सांगितलं, 'हे मापटं.' दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेर म्हणजे एक पायली. शाळेत आल्यावर आम्ही हे फळ्यावर मांडलं आणि मुलांना विचारलं, एका पायलीत चिपटी किती? बोटांवर मोजून १६ आली. तेवढ्यात एकानं सांगितलं, 'आमचे पणजोबा रुपयाचे सोळा आणे म्हणायचे.' बरोबरच होतं. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले, त्याआधी रुपया १६ आण्यांचा होता. वजनमापांचा कायदा १९५६ चा, त्यानंतर टप्प्याटप्प्यानं किलो आणि लिटर आले. दशमान पद्धत का सोपी, हे मला त्या दिवशी वेगळं शिकवावंच लागलं नाही. आणि निम्म्यानं निम्मं करत जाणारी जुनी पद्धत अपूर्णांक शिकवायला किती सोयीची आहे, हेही लक्षात आलं. चिपटं म्हणजे पाव शेर, मापटं म्हणजे अर्धा शेर. हातात धरून दाखवता येणारा अपूर्णांक!

भज्यांच्या गाड्यावरच्या गटानं वेगळीच नोंद आणली. कांदा स्वस्त झाला म्हणून भजी स्वस्त होत नाहीत, कारण खर्चाचा मोठा वाटा तेलाचा आणि गॅसचा. पाऊस आला तर गिऱ्हाईक वाढतं, पण बाजारच मोडला तर भिजवलेलं पीठ वाया जातं. कुंभार आजोबांच्या गटाला कळलं, की त्यांचं वर्ष सणांवर चालतं. संक्रांतीला सुगडं, उन्हाळ्यात माठ, आषाढात बेंदराला मातीचे बैल, दिवाळीला पणत्या. पावसाळ्यात माल वाळत नाही आणि भट्टीही नीट लागत नाही. एका मुलीनं वहीत लिहिलं होतं, 'आजोबांना चार महिने पगार नसतो.' वाक्य तिचं स्वतःचं आहे. मी त्यात काही दुरुस्ती केली नाही.

टोपलीचा हिशेब

आता खरी गोष्ट. बुरूड काकींकडं गेलेल्या गटानं आणलेले आकडे असे होते. आठवड्याला दोघं नवरा-बायको मिळून साधारण २० टोपल्या करतात. त्याला ५ बांबू लागतात, एक १२० रुपयांना. म्हणजे ६०० रुपये. बाजारात माल आणायचा टेंपो १०० रुपये, ग्रामपंचायतीची जागेची पावती २० रुपये. एकूण खर्च ७२०.

टोपलीचा भाव त्या १५० सांगतात. सगळ्या त्याच भावानं गेल्या तर ३००० येतात, हातात २२८० राहतात. पण आमच्या मुलांच्या समोरच एका गिऱ्हाइकानं '१०० ला देता का, नाहीतर राहू दे' म्हणून टोपली नेली. सगळ्याच १०० नं गेल्या तर? २००० येतात, हातात राहतात १२८०.

पाच दिवस दोघांनी काम केलं म्हणजे १० दिवसांचं काम. काकींचा बाजाराचा एक दिवस धरून ११. आता करा भागाकार. २२८० ला ११ नं भागलं तर २०७ आणि बाकी ३. १२८० ला ११ नं भागलं तर ११६ आणि बाकी ४.

वर्गात शांतता पसरली. मग एका मुलानं हात वर केला. 'मॅडम, माझी आई खुरपायला जाते तर तिला दिवसाला ३०० मिळतात. मग काकी खुरपायलाच का जात नाहीत?'

ह्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं नव्हतं आणि पुस्तकातही नव्हतं. पुढच्या आठवड्यात मी काकींनाच विचारलं. त्या हसल्या. म्हणाल्या, 'खुरपं काय बारा म्हैनं मिळतंय व्हय मॅडम? आन दुसऱ्याच्या बांधावर गेलं की त्यांनी सांगितलं तवा बसायचं, त्यांनी सांगितलं तवा उठायचं. टोपली माझी हाय. न्हाई इकली तर घरी नेती.'

हे उत्तर मी मुलांना जसंच्या तसं सांगितलं. त्यावर आमची जवळपास तासभर चर्चा झाली. जास्त पैसे चांगले की स्वतःचं काम चांगलं? दोन्ही मिळायला काय लागेल? चौथीची मुलं एवढं बोलू शकतात, यावर तुमचा विश्वास बसणार नाही.

आईचं म्हणणं

काकींची मुलगी आमच्याच वर्गात आहे. आम्ही बाजारात गेलो त्या दिवशी ती शाळेतच आली नाही. कारण माझ्या लक्षात आलं होतं. आपल्या आईसमोर सगळा वर्ग वह्या घेऊन उभा राहणार, हे तिला नको होतं. म्हणून त्या गटात मी तिच्या जवळच्या मैत्रिणींना घातलं होतं आणि 'हिची आई' असा उल्लेख कोणी करायचा नाही, असं आधीच बजावलं होतं.

काकींशी बोलताना मी म्हटलं, शाळेच्या बाजारात तुम्ही या, मुलांना टोपली विणून दाखवा, तुमच्या लेकीलाही अभिमान वाटेल. त्यांनी लगेच मान हलवली नाही. थोड्या वेळानं म्हणाल्या, 'मी येती. पर तिला टोपल्या घेऊन बसवू नका. हे शिकवायला मी हाय की घरात. तुमी तिला दुसरं कायतर शिकवा. न्हाईतर लोक म्हणतील, शाळेत गेली तरी टोपल्याच.'

शिक्षक मित्रांनो, ह्या वाक्यावर आपण सगळ्यांनी थांबायला पाहिजे. 'स्थानिक कारागिरांचा सन्मान', 'पारंपरिक व्यवसायांची ओळख' हे शब्द आपण अहवालात सहज लिहितो. पण आपल्याकडं काम आणि जात ह्यांची गाठ किती घट्ट होती, हे विसरून चालत नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) ह्या पुस्तकात बलुतेदारीचं सविस्तर वर्णन आहे. सुतार, लोहार, कुंभार, चांभार यांनी गावाचं काम करायचं आणि सुगीला धान्याचा वाटा घ्यायचा. काम जन्मानं ठरलेलं. भाव ठरवायचा हक्क नाही. आवडत नाही म्हणून सोडायची सोय नाही. ज्या जिल्ह्यातल्या नायगावात सावित्रीबाई जन्मल्या, जिथल्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचं नाव दाखल झालं, त्या जिल्ह्यात तरी शाळेचा उपयोग ही गाठ सोडवायला झाला पाहिजे, पुन्हा बांधायला नाही.

म्हणजे मग कारागिरांचं काम शाळेत आणूच नये का? आणावं. पण ते सगळ्या मुलांसाठी आणावं. बुरडाच्या मुलीलाच टोपली, कुंभाराच्या मुलालाच चाक, असं नको. पाटलाच्या, मास्तरांच्या, डॉक्टरांच्या मुलानंही कामट्या हातात धरून बघाव्यात. बोटाला कूस लागली की १५० रुपये जास्त वाटत नाहीत.

आपल्याच भागातली उदाहरणं

मुलांना आणखी एक गोष्ट सांगता येते. हातातलं कसब एका जागी बांधलेलं नसतं, ते वाट बदलतं. मिरजेचंच बघा. तिथली तंतुवाद्यं घडवणारी घराणी शिकलगारांची, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांची. लढायांचे दिवस गेले, हत्यारांचं काम कमी झालं, तेव्हा एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब सितारमेकर यांच्यापासून तोच हात सतार-तंबोऱ्याकडं वळला. पंढरपूर भागातले मोठे कडू भोपळे आणून त्यातून तंबोरा घडतो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

किर्लोस्करवाडीचं उदाहरण तर आपल्या घराजवळचं. १९१० साली कुंडलजवळच्या माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर आणि कडबा कापायचं यंत्र करायला सुरुवात केली. तिकडं कराडजवळ ओगलेवाडीला काच घडली, कंदील घडले आणि गावोगाव उजेड झाला. सांगलीची हळद हरिपूरच्या पेवांत, जमिनीखाली वर्षानुवर्षं टिकायची. २०१८ मध्ये तिलाही मानांकन मिळालं. कोरेगाव भागातला वाघ्या घेवडा, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, माणदेशातली मेंढीच्या लोकरीची आणि चिंचोक्याची खळ लावून विणलेली घोंगडी, हे सगळं करणारे हात आपल्या बसच्या अंतरावर आहेत.

आणि कामाची लाज वाटू नये हे शिकवायला आपल्याला बाहेरून कोणाला आणायची गरज नाही. ४ ऑक्टोबर १९१९ ला कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू झाली. कर्मवीर अण्णांनी 'कमवा आणि शिका' म्हटलं तेव्हा मुलगा कोणत्या जातीचा, हे बघून काम दिलं नाही. वसतिगृहात सगळी मुलं एकत्र राहिली आणि सगळ्यांनी काम केलं. मला वाटतं, आपल्या शाळेच्या बाजाराला हाच नियम लावावा.

मग आम्ही बाजार असा भरवला

तुम्हाला करून बघता यावं म्हणून नियम देते.

१. वस्तू मुलानं स्वतः किंवा घरच्यांच्या मदतीनं केलेली हवी. तयार पाकिटं नाहीत.

२. भांडवल जास्तीत जास्त १०० रुपये. ते मुलानं घरून उसनं घ्यायचं आणि परत करायचं.

३. घरच्या व्यवसायाचीच वस्तू आणली पाहिजे असं नाही. चिठ्ठ्या टाकून गट पाडले. कोणी लाडू, कोणी कागदी पिशव्या, कोणी उसळ, कोणी रोपं.

४. प्रत्येक दुकानासमोर पाटी: माल किती, खर्च किती, वेळ किती, भाव किती.

५. गिऱ्हाइकानं भाव कमी मागितला तर मुलानं पाटी वाचून दाखवायची. मग दोघांनी मिळून ठरवायचं.

६. पुडी कागदाची, वाटी पानाची.

पाचव्या नियमानं खरी गंमत आणली. एका पालकांनी सवयीनं '२० चे लाडू १० ला दे' म्हटलं. मुलगा पाटी वाचू लागला. शेंगदाणे, गूळ, तासभर कुटणं. पालक हसले आणि २० रुपये दिले. तिथंच उभ्या असलेल्या दुसऱ्या पालकांना मात्र हे पटलं नाही. ते म्हणाले, 'मॅडम, घासाघीस हाच तर बाजार. पोरांना घासाघीसच आली नाही तर उद्या फसतील.' त्यांचंही चुकीचं नाही. फसवणूक ओळखता आलीच पाहिजे. पण हजाराचा बूट छापील किमतीला घेणारे आपण जुडीमागं दोन रुपये सोडवतो, कारण समोर बसलेली बाई नाही म्हणू शकत नाही. मुलं हे बघत असतात.

बुरूड काकी आल्या. त्यांना सत्काराची खुर्ची, नारळ, शाल असं काही केलं नाही. एक तासाची शिक्षिका म्हणून त्यांना पटांगणात जागा दिली आणि त्यांचा बुडालेला रोजगार शाळेच्या लोकवर्गणीतून दिला. तिसरी-चौथीच्या मुलांनी कामट्या धरून बघितल्या. एकालाही तळ विणता आला नाही. सुरुवात करतानाच कामट्या निसटायच्या. काकी हसत होत्या आणि त्यांची मुलगी?

ती त्या दिवशी बाजाराची हिशेबनीस होती. हे तिनंच मागून घेतलं होतं. सगळ्या २३ दुकानांची जमा आणि खर्च तिच्या वहीत. दुपारी मुलांना तळ जमेना तेव्हा ती वही बाजूला ठेवून उठली, आईशेजारी उकिडवी बसली आणि चार कामट्या कशा अडकवायच्या ते दाखवलं. कोणी तिला सांगितलं नव्हतं. मग हात झटकून परत हिशेबाला बसली. मी काकींकडं बघितलं. त्या काही बोलल्या नाहीत, मीही बोलले नाही.

पालकांसाठी थोडंसं

पालकहो, शाळेच्या उपक्रमाची वाट बघू नका. पुढच्या आठवड्याला बाजारात जाताना मुलाला बरोबर न्या. त्याच्या हातात ५० रुपये द्या आणि सांगा, ह्यातून अशी वस्तू आण जी विकणाऱ्यानं स्वतः केली आहे. आणल्यावर तीन प्रश्न विचारा: ही कशापासून केली? करायला किती वेळ लागला असेल? विकणाऱ्याला ह्यातून काय राहिलं असेल? तिसऱ्याचं उत्तर येणार नाही. मग पुढच्या बाजाराला ते त्याच विक्रेत्याला विचारून यायला सांगा. ओळख अशीच होते.

आणि शिक्षकांनो, आनंददायी शनिवार असो की दप्तराविना दिवस, हा उपक्रम कुठंही बसतो. गणितात नफा-तोटा, मापन, भागाकार. परिसर अभ्यासात व्यवसाय. भाषेत मुलाखत आणि नोंद. पण ज्या मुलांच्या घरचं काम आपण दाखवणार आहोत, त्यांच्या आई-वडिलांशी आधी एकदा बोलून घ्या. त्यांना काय दाखवायचं आहे आणि काय नको, हे त्यांनाच ठरवू द्या.

हिशेबाच्या वहीतलं शेवटचं पान माझ्याकडं आहे. २३ दुकानांची एकूण शिल्लक तिनं दोनदा तपासून लिहिली आहे आणि खाली एक ओळ जास्तीची आहे: 'आईचा रोजगार दिला, तो खर्चात धरला आहे.'